पांढऱ्या साडीचा बस्ता

धरमपेठ, नागपूर
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सरू,

आज सकाळी चहा गाळताना उगाच आठवलं. कॉन्व्हेंटच्या फाटकाबाहेर आपण दोघी सायकलरिक्षाची वाट बघत उभ्या आहोत. माझा डावा मोजा नेहमीसारखा घोट्यावर येऊन बसलेला. तू खाली वाकून, सिस्टर बेनेडिक्टांच्या आवाजात मला रागावत, तुझ्या वेणीचं रबर माझ्या मोज्याला चढवते आहेस. तुझी एक वेणी सुटली, माझा मोजा सरळ झाला, रिक्षा आली, आपण घरी गेलो. त्या दिवशी दुसरं काहीही घडलं नाही. मग ते इतकं लख्ख का आठवावं, कळत नाही. नागपूरच्या हवेत असेल काही.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुझ्या कानातलं यंत्र फोन लावला की शिट्टी मारतं, आणि मेसेज केला तर तो तुझा लेक स्वानंद मोठ्याने वाचून दाखवतो. माझ्या मूळव्याधीची हकिगत त्याने मागच्या वेळी पाहुण्यांसमोर वाचली होती, ते मी विसरलेले नाही. इथला कुरिअरवाला दोन दिवसांत पोचवतो म्हणाला.

सरू, आपण दोघी नागपुरात जन्मलो, वाढलो आणि इतवारी कधी पाहिली नाही, हे कुणाला पटेल का? आपल्या सिव्हिल लाइन्सच्या आयांना इतवारी म्हणजे धक्काबुक्की वाटायची. ‘हरवाल,’ एवढंच म्हणायच्या. काल बासष्टाव्या वर्षी मी मुद्दाम हरवायला गेले.

काय बाजार आहे! प्रत्येक ओळीला तिचा वास आहे. किराणा ओळीत लाल मिरचीच्या पोत्यांजवळ जी शिंकायला लागले ती थेट भांडे ओळीत थांबले. तिथे पितळेच्या गुंडांच्या उतरंडी माझ्यापेक्षा उंच. सराफा ओळीत एकदम शांत, जणू कुणी लायब्ररीत आणून सोडलं. मधल्या बोळात एक हातगाडीवाला मागून ओरडला, “ओ मॅडमजी, पाय वाचवा, बिल्डिंग नंतर पाह्यजा!” मी खरोखरच एका जुन्या लाकडी सज्जाकडे तोंड उघडं टाकून बघत होते.

तुला व्याह्यांकडून कळलेलं नत्थूजी टी हाऊस सापडलं. कापडाच्या दुकानांच्या मधोमध आहे. लांब अरुंद खोली, मध्ये संगमरवरी टेबलं, दोन्ही बाजूंना समोरासमोर बाक. गल्ल्यावर नत्थूजींचा नातू चंद्रभान बसतो. त्याने विचारलं, “कोन्या गावचे जी?” मी म्हटलं, इथलीच. तो म्हणाला, “इथच्या असून आजच आल्या?” मी आणखी एक चहा मागवला. आलं चांगलं ठेचून घालतात.

त्यानेच मला बस्ता समजावला. लग्न ठरलं की दोन्ही घरांनी मिळून एकाच दुकानात गादीवर बसायचं आणि नवरीच्या साडीपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळे कपडे एका बैठकीत घ्यायचे. मग खाली येऊन समोरासमोर चहा घ्यायचा. “इथं चहा झाला म्हंजे सोयरीक पक्की. भांडण झालं तं लोक चहा न घेताच चालले जातात. मले इथं बसल्या बसल्या समजते, कोनाचं लग्न मोडते.”

स्वानंदच्या बस्त्याला तुझ्या वतीने बसायचं मी कबूल केलं आहे, तर तुझ्या व्याह्यांना कधी भेटायचं ते कळव. मी सज्ज आहे. रबरदेखील आहे पर्समध्ये.

तुझी,
वैदेही

पुणे
७ फेब्रुवारी

प्रिय वैदू,

सोमवारी, दहा तारखेला, सकाळी अकरा वाजता, नत्थूजी टी हाऊस. तिथे भेटून सगळ्यांनी मिळून वरच्या दुकानात जायचं आहे. हे वाक्य पुन्हा वाच. तुला ओळखते म्हणून सांगते.

गुडघा बरा नसता तर मीच आले असते; म्हणजे बरा असता तर. वॉकर धरून मी अजून स्वयंपाकघरापर्यंतच पोचते. तुझ्यावर किती अवलंबून आहे ते तुला कळावं म्हणून जे फोनवर सांगितलं नव्हतं ते सांगते.

मोनाली गुणी मुलगी आहे, स्वानंद तिच्यावाचून जेवत नाही, सगळं ठीक. पण गेल्या महिन्यात तिचे वडील प्रेमानंदराव आमच्याकडे आले होते. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांचे वडील छप्पन साली, ऐन विशीत, दीक्षाभूमीवर होते. त्यांच्या घरात नवरी पांढरी साडी नेसते. तेवढं त्यांनी सांगितलं, आणि आमचे भाऊजी चकली चावत म्हणाले, “पांढऱ्या साडीत नवरी? फोटोत कळणार कशी?” वैदू, प्रेमानंदरावांनी कप खाली ठेवला. पुढे एक घोटही घेतला नाही. जाताना मला म्हणाले, “ताई, बस्त्याले तुमच्या घरचं कोणी येऊन आमच्या बाजूले बसलं पाहिजे. आम्हाला आणखी काही नको.”

तेव्हा तू जायचंस, बसायचंस. नवरीची साडी पांढरी. त्यावर कुणी काही बोललं तर तू उभं राहायचंस. बाकी कशात नाक खुपसू नकोस. प्रेमानंदराव उंच आहेत, मिशा आहेत. पत्नी सिंधूताई. नंबर सोबत लिहिला आहे.

हे बिघडलं तर हे लग्न होणार नाही. मोनाली वडिलांचा मान मोडून येणार नाही, आणि येऊही नये.

सरिता

धरमपेठ
१० फेब्रुवारी, संध्याकाळ

प्रिय सरू,

फत्ते! पाय सुजलेत, घसा बसलाय, पण तुझ्या मैत्रिणीने तुझी मान उंच केली आहे.

सकाळी टी हाऊसमध्ये पोचले तर चंद्रभान गल्ल्यावर नव्हता. वाढणाऱ्याला विचारलं, बस्त्याचे लोक आले का? तो म्हणाला, “आले न जी, वरते दुकानात.” उत्साह बघ, चहाला न थांबता थेट गादीवर! मी जिना चढले. दारातच म्हटलं, मी मुलाकडची. झालं! “या, या, बसा जी, पानी आना!” सगळे उठून उभे. मला लोडाशी बसवलं.

प्रेमानंदराव तू म्हणालीस तेवढे उंच नाहीत ग. माझ्या खांद्याला लागतात. तू स्वतः बुटकी, तुला सगळेच उंच वाटतात. मिशा मात्र आहेत. मोजकं बोलणारे मुळीच नाहीत. तुरीवरच्या अळीबद्दल अर्धा तास बोलले. निवृत्तीनंतर माणसाने शेतीत मन रमवलं, मला कौतुक वाटलं. घरात त्यांना रुपराव म्हणतात, लाडाचं नाव असावं. सिंधूताईंना त्यांच्या सासूबाई ‘गोपिका’ अशी हाक मारत होत्या, तेही गोड वाटलं. मी विचारलं, मुलगी नाही आली? तर म्हणाल्या, “तिचा पेपर हाय.” एवढी इंजिनिअर होऊन मुलगी अजून परीक्षा देते! स्वानंदने काही शिकावं.

कोपऱ्यात एक काका सुपारी चघळत बसले होते. ते शेवटपर्यंत कोण होते ते कळलं नाही, पण माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

आता ऐक. त्यांनी काय मांडून ठेवलं होतं माहीत आहे? लाल शालू. हिरवी काठापदराची. हळदीची पिवळी वेगळी. सरू, मला भरून आलं. आपल्यासाठी या माणसांनी स्वतःची पद्धत गुंडाळून ठेवली होती! केवढा मोठेपणा! मी म्हटलं, नाही, हे चालणार नाही. पदर खोचला आणि म्हणाले, “नवरीची साडी पांढरी घ्यायची.”

गादीवरचे सगळे माझ्याकडे वळले.

ते म्हणाले, “पांढरी? लग्नाले?”

“लग्नालाच.”

“तुमच्याकडे चालते काय जी?”

“चालत नसेल तर चालवू. मुलीकडची पद्धत मोडायची नाही. आमच्यातलं कुणी बोललं तर मी आहे.”

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. आनंदाश्रू, सरू. दुकानदार पुन्हा लाल शालू पुढे सरकवायला लागला तेव्हा मी तो त्याच्या हातून काढून घेतला आणि त्यावर बसले. अखेर पांढरी रेशमी, बारीक रुपेरी काठाची, देखणी साडी घेतली. हळदीची पिवळीही मी परत करवली. कशाला त्यांच्यावर आपलं ओझं?

चहाला खाली चला म्हटलं, तर म्हणाले, अजून काही मंडळी गावाहून यायची आहेत. मी थकले होते, निरोप घेतला. खाली टी हाऊसमध्ये एक उंच, मिशीवाले गृहस्थ बायकोशेजारी ताठ बसून घड्याळ बघत होते. चेहरा असा की दूध नासावं. मला वाटलं, बापरे, यांच्या घरी कुणाचा मुलगा जावई म्हणून जाणार असेल त्याची दया येते.

फोन घरीच विसरले होते. आल्यावर बघते तर अनोळखी नंबरावरून ओळीने कॉल. कर्ज हवं का विचारणारे असणार. पुसून टाकले.

निवांत झोप.

तुझी विजयी,
वैदू

पुणे
१२ फेब्रुवारी

वैदेही,

रुपराव हे लाडाचं नाव नाही. ते रुपराव नावाच्या माणसाचं नाव आहे.

ज्यांच्या गादीवर तू बसलीस त्यांना मी ओळखत नाही. ज्यांच्या चेहऱ्याने दूध नासलं ते माझे व्याही. ते साडेतीन तास तिथे बसले होते. त्यांनी तुला फोन केले, ते तू कर्ज समजून पुसलेस.

तुझं पत्र यायच्या आधीच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं. सोमवारपासून मोनाली आमच्याकडे आलेली नाही. स्वानंद गच्चीवर जाऊन फोन करतो आणि खाली येऊन भिंतीकडे बघतो. आज त्याने सांगितलं. प्रेमानंदरावांनी तिला एवढंच कळवलं, “त्या लोकायले येऊन बसनं जमलं नाही. बेटा, तू ठरव.” रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी तुझं पत्र स्वानंदला वाचून दाखवलं. तो हसायला लागला, मग रडायला लागला, मग म्हणाला, मावशीला कसंही करून कोराडीला पाठव.

जा. खरं काय ते सांग. सगळं सांग.

आणि ज्या बिचाऱ्या अनोळखी मुलीला तू लग्नात पांढरी साडी नेसायला लावलीस, तिच्या घरात काय चाललं असेल याचा विचार कर. मी करते आहे आणि मला झोप येत नाही.

स.

धरमपेठ
१४ फेब्रुवारी

सरू,

तुझं पत्र मिळालं तशी आजच कोराडी रोडवर जाऊन आले. बसमधून उतरले तर झाडांच्या पानांवर राखेचा पातळ थर होता आणि कोळशाचे ट्रक चालले होते. त्यांचं घर मात्र लखलखीत. दारातच सिंधूताईंनी ओळखलं. “तुमीच का पुण्याच्या ताईच्या मैत्रीण? या.” पाणी दिलं, खुर्ची दिली. मला वाटलं होतं दार लावून घेतील. हे जास्त जड गेलं.

प्रेमानंदराव पेपर वाचत होते. घडी घालून बाजूला ठेवला. मी सगळं सांगितलं, जिन्यापासून शालूवर बसण्यापर्यंत. काही लपवलं नाही. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, कोणी दुसऱ्याच्या बस्त्यात जाऊन बसते काय?”

“मी बसले.”

“दोन तास?”

“अडीच.”

“अन् त्यायच्यातल्या एकानंही विचारलं नाही, बाई तुम्ही कोण होय?”

“नाही हो.”

“अन् तुम्ही त्यायले पांढरी साडी घ्यायला लावली, अन् त्यायनं घेतली.”

सरू, त्यांनी असं एकेक करून विचारलं तेव्हा मलाच ते खोटं वाटायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी शंभर टक्के खरं बोलत होते आणि इतकं रद्दड कारण मी शाळेतसुद्धा कधी दिलं नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, “यायचं नव्हतं तं तसं सांगायचं. आम्ही वाईट मानलं नसतं. गोष्ट काहून बनवता?”

सिंधूताई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, “माह्या मनात एकदा येते खरं असन, एकदा येते नसन. पन हे एकदा बसले की हलत नाहीत जी.”

मी काय करू ते तू सांग. माझ्या डोक्यात फक्त तो लाल शालू येतो.

वैदू

पुणे
१६ फेब्रुवारी

वैदू,

रडणं थांबव. माझा तुझ्यावर विश्वास आहे, कारण सातवीत तू चुकून दुसऱ्या तुकडीत जाऊन भूगोलाचा अख्खा तास केला होतास आणि वर उत्तरंही दिली होतीस. पण प्रेमानंदराव तेव्हा आपल्या वर्गात नव्हते.

त्यांना तुझा शब्द नको, दुसऱ्या कुणाचा तरी हवा. त्या रुपरावांना शोध. इतवारीत शोध. कुणालाही विचार.

काल मोनाली आली होती. माझ्या पलंगाच्या कडेला बसली आणि वॉकरच्या दांड्यावरून बोट फिरवत म्हणाली, “आई, बाबांनी कधीच काही मागितलं नाही हो. एवढंच मागितलं होतं.” मी तिचा हात धरला.

लवकर कर.

सरू

धरमपेठ
१९ फेब्रुवारी

माझी लाडकी सरू,

खुर्चीत नीट बसून वाच. गुडघ्यावर जोर देऊन उठू नकोस.

तुझं पत्र काल मिळालं, पण सल्ला थोडा उशिरा आला. मला तो आधीच सुचला होता. शनिवारीच मी चंद्रभानला गाठलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हातातली किटली खाली ठेवली. “तुमीच का त्या? अवो, त्या पांढऱ्या साडीवाल्यायनं तुमाले सगळ्या ओळीत शोधलं! मंगळवारी येनार हाय बदलायले. लई तापले हाय जी. माहं ऐका, मंगळवारी तुमी इकडे फिरकू नका.”

मी म्हटलं, मी मंगळवारी सकाळपासून इथेच बसणार.

मग सिंधूताईंना फोन केला. “एक कप चहा. पुढे कधी तोंड दाखवणार नाही.” त्या म्हणाल्या, “यायले तुरीची डाळ घ्यायची म्हनून आनतो.”

काल ते दोघं आले. प्रेमानंदरावांनी मला पाहिलं आणि माझ्याकडे पाठ करून पलीकडच्या बाकावर बसले. पिशवी मांडीवर, चहा नको म्हणाले. आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, “हेच थे! हेच थे! धरा हो यायले!”

गोपिकाबाई. मागे रुपराव, त्यांच्या मागे सुपारीवाले काका. सरू, मी आजवर कुणाला भेटून इतकी खूश झाले नव्हते. मी उठून हात पसरले, तर त्या दोन पावलं मागे सरल्या.

“काहून वं बाई, तुमी हाय तरी कोन? माह्या काजलनं तुमचं काय घोडं मारलं होतं? लग्नात पांढरी साडी! माह्या सासूनं दोन दिवस अन्न नाई घेतलं!”

काका पुढे होऊन सांगायला लागले, “मले वाटलं, आमच्या वहिनीची, म्हंजे नवरदेवाच्या मायची, बहीण होय. वहिनी आली तं म्हणे मले बहीणच नाई!”

“तुमी मुंडी काहून हलवत होते मंग?” गोपिकाबाई त्यांच्यावर घसरल्या.

“मुलाकडची म्हटलं न बाईनं. एवढ्या मोठ्या आवाजात म्हटलं, तं मी काय बोलू?”

रुपराव चंद्रभानला सांगत होते, “भाऊ, आमी लाल दाखवला. तं हे त्याच्यावर बसल्या! उठतच नाई! म्हणे, ‘मुलीकडची पद्धत मोडायची नाही. आमच्यातलं कुणी बोललं तर मी आहे.’ मी म्हटलं, अवो, आमची पद्धत लालच हाय. तं ऐकतच नाई! म्हणे, ‘लाजू नका, मला सगळं माहीत आहे.’”

पलीकडच्या बाकावर प्रेमानंदराव हळूहळू वळले.

“हे असं बोलल्या?” त्यांनी विचारलं.

“बोलल्या? भांडल्या जी!”

“पुन्हा एकदा सांगा.”

रुपरावांना एवढा मन लावून ऐकणारा माणूस त्या सगळ्या आठवड्यात भेटला नसावा. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मी दारात कशी उभी राहिले, तुरीच्या अळीवर कशी मान डोलावली, पिवळी साडी कशी परत केली. गोपिकाबाई मधे मधे माझी नक्कल करत होत्या आणि सांगते तुला, वाईट करत नव्हत्या. सिंधूताई आधी पदराआड हसत होत्या. मग पदर पुरेना. शेवटी त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. सगळं टी हाऊस हसत होतं, फक्त प्रेमानंदराव हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही आमच्यासाठी भांडल्या. पण दुसऱ्याच लोकायसंग.”

मी म्हटलं, “हो.”

“त्या साडीवर कोणी बोललं तं उभ्या राहणार, असं ठरवून आल्या होत्या.”

“सरूने तसंच सांगितलं होतं. उभं राहायचं. मी बसले.”

तेव्हा ते हसले. सरू, इतक्या वर्षांचं साठवलेलं हसणं होतं बघ ते. मिशा आवरेनात. चंद्रभानकडे वळून म्हणाले, “सगळ्यायले सहा चहा.”

पुढे सगळं इतक्या झपाट्याने झालं की मला क्रम आठवत नाही. सिंधूताईंनी गोपिकाबाईंच्या पिशवीतली पांढरी साडी उलगडली, बोटांत चुरगाळून पाहिली. “चांगली हाय वं. माह्या मोनालीले हेच पाह्यजे.” आम्ही सगळेच वर दुकानात गेलो. दुकानदाराने मला पाहून लाल शालू आधी उचलून वरच्या फळीवर ठेवला. तो काजलसाठी खाली काढायला गोपिकाबाईंना त्याची समजूत घालावी लागली. मग दोन्ही बस्ते एकाच गादीवर मांडले. मी या वेळी प्रेमानंदरावांच्या बाजूला बसले, अगदी चिकटून. रुपराव आमच्या साड्यांवर मत देत होते, काका मान हलवत होते. तुमच्या भाऊजींसाठी प्रेमानंदरावांनी स्वतः पांढऱ्या शर्टाचं कापड निवडलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. सिंधूताई म्हणाल्या, “फोटोत दिसतील न मंग?” ते म्हणाले, “पाहू.”

खाली आल्यावर चहा झाला, समोरासमोर. इथे आपल्या कपात आपण ओतायचं नसतं, समोरच्याने ओतायचं. प्रेमानंदरावांनी माझ्या कपात ओतला आणि बशीतसुद्धा सांडला. चंद्रभान गल्ल्यावरून ओरडला, “आता झाली सोयरीक! एक नाई, दोन!”

मी रात्रीच मोनालीशी बोलले. ती नुसती हसत होती. मागे स्वानंदचा आवाज येत होता. तुला त्यांनी सांगितलं असेल, पण तुझं यंत्र शिट्टी मारत असणार, म्हणून पुन्हा लिहिते. लग्न आहे.

आता गाठोडं. उद्याच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवते आहे, स्वानंदला उतरवून घ्यायला सांग. कुणाला काय द्यायचं ते नीट वाच. माझ्यावर सोडलंस तर काय होतं ते आपण पाहिलं आहे.

मोनालीची पांढरी साडी इथेच, सिंधूताईंच्या कपाटात. ती मागू नकोस. निळ्या काठाची तुझ्या जावेला. जांभळी स्वानंदच्या आत्याला, आणि तिला सांग की निवड माझी नाही, मग ती नेसेल. पांढरं कापड भाऊजींना, शिंप्याची चिठ्ठी आत आहे. दोन टोप्या आहेत त्या मामांना. रुपरावांनी स्वानंदला शेला दिला आहे, काहीही कारण नसताना. तो ठेवून घे. काजलच्या लग्नाची पत्रिका तुला आणि मला वेगवेगळी येणार आहे. मी मुलीकडून जायचं कबूल केलं आहे.

सगळ्यात खाली, मऊ कागदात, मोरपंखी साडी आहे. ती तुझ्यासाठी नाही. ती सिंधूताईंची आहे, त्यांनी स्वतःकरता घेतलेली. तुझ्यासाठी घेतलेली राखाडी साडी मी त्यांच्याकडे ठेवून आले. त्यांचं म्हणणं असं, की तुझ्या साडीची घडी त्यांनी मोडायची आणि त्यांच्या साडीची तू. एकदा नेसायची, घरात वावरायचं, मग लग्नात भेटाल तेव्हा आपापली परत घ्यायची. प्रेमानंदराव ऐकत होते. म्हणाले, “ताईंना विचारा आधी, चालेल का.” मी विचारलं नाही. मी म्हटलं, चालेल.

तेव्हा वॉकर धरून का होईना, ती नेस. आणि चुकून दुसरी आली समजून परत पाठवू नकोस. या वेळी मी चुकलेले नाही.

तुझी,
वैदू